तपासणीला जाण्याआधी

प्रिय वहिनी,



शाळेने धाकट्याची तपासणी करून आणायला सांगितली, हे दादाने फोनवर सांगितलं. त्याला एकच धास्ती आहे, पोराला शिक्का बसेल. विशेष शिक्षिका म्हणून इतकी वर्षं काढल्यावर मला जास्त भीती वाटते ती अर्धवट तपासणीची. म्हणून सविस्तर लिहितेय. दादालाही वाचायला द्या.

तपासणीत बुद्ध्यांकाची चाचणी असते. तिचं मूळ १९०५ सालच्या पॅरिसमध्ये आहे. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळं शिकवता यावं, म्हणून आल्फ्रेड बिने यांनी ती केली. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. नागपूरला मालिन यांनी भारतीय मुलांसाठी आणखी एक बेतली. कामतांना एवढे कष्ट का घ्यावे लागले? परक्या भाषेतल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं, तर कमी काय पडलं, बुद्धी की भाषा, ते कळत नाही. आपला धाकटा घणसोलीच्या घरात आजीशी आगरीत बोलतो, खेळताना हिंदीत, आणि शाळा इंग्रजी. मानसशास्त्रज्ञांना हे पहिल्याच भेटीत सांगा. चाचणी कोणत्या भाषेत घेणार, हे विचारायला अजिबात संकोचू नका.

त्याच्याही आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा नीट न दिसणारी, सर्दीने कान भरून कमी ऐकू येणारी मुलं ‘लक्ष देत नाही’ म्हणून आमच्याकडे पाठवतात. मग लहानपणापासूनची हकीकत विचारतील: कधी चालला, कधी बोलला, तापात झटके आले होते का. बुद्ध्यांकानंतर विशेष शिक्षक वाचन, लेखन, गणित तपासतील. त्यासाठी पहिलीपासूनच्या वह्या न्या, लाल शेऱ्यांसकट. बुद्धी वयाला साजेशी आणि वाचन-लेखन बरंच मागे, असं दिसलं तर अध्ययन अक्षमतेचा विचार होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. तिचं निदान साधारण आठव्या वर्षापासून पक्कं करतात. तो आता तिसरीत आहे, म्हणजे वेळ योग्यच आहे.

खासगीत पटकन उरकू, असं दादा म्हणतो. मदत लवकर सुरू होणार असेल तर जरूर करा. पण दहावीला वाढीव वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर अधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे वाशीला महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगजनांच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक आहे. ईटीसीपासून सुरुवात करा, पुढे कुठे जायचं ते तिथे विचारून घेता येईल.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. तिच्या अहवालात एक आकडा आणि दोन ओळी. शाळेने तो फाइलला लावला आणि पोर वर्षभर शेवटच्या बाकावर बसून राहिली. त्या दोन ओळींचा मला अजून राग येतो. ती जोडाक्षरांपाशी अडते की वाचलेलं विसरते, तोंडी विचारलं तर सांगते का, चित्रं पाहून शिकते का, यातलं काहीच त्यात नव्हतं. मग शिकवणाऱ्याने सुरुवात कुठून करायची? म्हणून अहवाल हाती आला की आकड्याच्या पुढचं वाचा. त्याला काय येतं, कुठे अडतं आणि मदत कशी करायची, हे नसेल तर तिथेच थांबून लिहून मागा.

मग दोघांनी मिळून शाळेत जा. दादाला कामावरून सुट्टी घ्यायला लावा. एकट्या आईचं बोलणं लोक हलक्यात घेतात, हे मी खूपदा पाहिलंय. विशेष शिक्षक आठवड्याला किती तास देणार, फळ्यावरचं उतरवायला त्याला जास्त वेळ मिळणार का, तीन महिन्यांनी प्रगती कोण बघणार, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तपासणीची तारीख मिळाली की कळवा, मी सोबत येते. आणि ‘परीक्षा आहे’ असं त्याला कुणी सांगू नका. आत्याच्या ओळखीच्या बाईंकडे कोडी सोडवायला जायचंय, एवढंच सांगा.

तुमची,
नणंद