अँटॉप हिलच्या वखारी आणि दूरदेशीचा कावा

मुंबईत टेकडी म्हटली की प्रथम मलबार हिलचे नाव ओठांवर येते. अँटॉप हिलची कीर्ती तशी नाही; तिची ओळख कष्टाची आहे. वडाळा, शीव आणि माटुंगा यांच्या मध्ये वसलेल्या या टेकडीला अंतोबा नावाच्या कोणा जुन्या जमीनमालकावरून हे नाव मिळाले, असे सांगितले जाते. उतारावर शेख मिस्री यांचा दर्गा आहे, भोवती केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची विस्तीर्ण वसाहत आहे. पूर्वेला एकेकाळी मिठागरे पसरलेली होती. १९१५ साली पोर्ट ट्रस्टची रेल्वे बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत धावू लागली आणि बंदरात उतरलेल्या मालाची वाट या भागाकडे वळली. मार्च २०१९ मध्ये येथे मोनोरेलचे स्थानकही झाले. पण परिसराचा खरा स्वभाव आजही वखारीचाच आहे.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांना या वखारी नव्या नाहीत. पेढी मशीद बंदरला आणि माल वडाळा-अँटॉप हिलच्या गोदामात, ही मुंबईच्या व्यापाराची परिचित रीत आहे. पेढीवर कागदाच्या पुडीतला नमुना पाहून सौदा ठरतो. गोण्या उघडतात त्या मागाहून. नमुना आणि गोणी यांच्यामधले जे अंतर, तेच व्यापाऱ्याच्या पतीचे माप. हे अंतर किती महाग पडू शकते, हे समजून घ्यायचे तर मिरीच्या कुळातील एका दूरच्या नातेवाइकाची कथा ऐकण्यासारखी आहे.

मिरीचे कूळ मोठे आहे. काळी मिरी, पिंपळी, कंकोळ आणि विड्याचे पान ही सारी एकाच घरातली भावंडे. त्यांतील पिंपळीचे मूळ, म्हणजे पिंपळमूळ, आपल्या घरांत ‘गंठोडा’ या नावाने बाळंतिणीच्या औषधांत असतेच. पिंपळमुळातही प्रती असतात: जाड, गाठाळ मुळांना चांगला भाव, बारीक मुळे आणि खोडाचे तुकडे मिसळलेल्या मालाला कमी. दळून पूड केली की हा भेद डोळ्यांना दिसत नाही.

याच कुळातला पॅसिफिक महासागरातील भाऊ म्हणजे कावा. काश्मिरी कहव्याशी त्याचा संबंध नाही, गनिमी काव्याशी तर नाहीच. वानुआतू, फिजी, टोंगा, सामोआ या बेटांवर त्याचे मूळ कुटून पाण्यात कालवतात आणि समारंभात, सलोख्याच्या बैठकीत पितात. तो आंबवलेला नसतो, त्यात मद्य नसते. परंतु जीभ बधिर होते, अंग सैलावते, मन शांत होते. मूळ उपटून केलेले आणि गुंगी आणणारे हे पेय आपल्या आचारात बसत नाही. येथे त्याचा विचार करायचा तो केवळ माल म्हणून.

काव्याला बी धरत नाही. खोडाचे तुकडे लावूनच त्याची लागवड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यामुळे शेतकऱ्याने निवडलेला वाण तसाच टिकतो. एकट्या वानुआतूत ऐंशीहून अधिक वाण ओळखले जातात. त्यांचे गुण ठरतात कावालॅक्टोन नावाच्या द्रव्यांवरून. त्यांपैकी सहा प्रमुख. त्यांच्या प्रमाणाचा उतरता क्रम अंकांत लिहिला की वाणाची जणू जन्मपत्रिकाच तयार होते. कावाइन अधिक असलेले वाण लवकर परिणाम करतात आणि लवकर उतरतात. पेंटेकोस्ट बेटाचा बोरोगु हा अशा कुलीन वाणांपैकी एक. याउलट ‘तुदेई’ वाणांची सुस्ती आणि मळमळ दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते. ‘दोन दिवस’ हाच त्या नावाचा अर्थ. ही रोपे काटक असतात, म्हणून मिसळण्याचा मोह होतो.

वाण चांगला असला तरी झाडाचा कोणता भाग घेतला हे पाहावे लागते. फिजीत बाजूच्या बारीक मुळांना ‘वाका’ म्हणतात आणि ती अधिक तीव्र असतात. बुंध्याच्या भागाला ‘लेवेना’, तो सौम्य असतो. खोडाची साल आणि पाने पिण्यासाठी वापरत नाहीत. पारख करण्याची एक सोपी रीतही आहे: पूड ॲसिटोनमध्ये भिजवली की कुलीन वाणाचा अर्क पिवळा दिसतो, तुदेईचा नारिंगी-लालसर.

ही पारख वेळेवर झाली नाही, तेव्हा काय घडले? विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात काव्याच्या गोळ्यांना मागणी वाढली. यकृताला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि जून २००२ मध्ये जर्मनीने ही औषधे बाजारातून काढली. कारण वाण होता, साल होती, अर्काची पद्धत होती की रुग्णाची अन्य औषधे, याचा उलगडा करणे कठीण झाले. कारण कोणत्या गोणीत काय होते हे पुष्कळदा लिहून ठेवलेलेच नव्हते. निर्यात कोसळली आणि प्रामाणिक शेतकरीही भरडला गेला. त्याच वर्षी वानुआतूने कायदा करून निर्यातीला कुलीन वाणांची अट घातली. २०१४ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने जर्मनीची बंदी अनुचित ठरवली. पण बारा वर्षांत गेलेली पत एका निकालाने परत येत नाही.

आपल्या परंपरेत अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा एक आहे: चांगल्या मालात त्याच्यासारखा दिसणारा हलका माल मिसळून विकणे. तत्त्वार्थसूत्राने भेसळीला चोरीच्या घरातच बसवले आहे. मिरीत पपईच्या बिया मिसळणारा आणि कुलीन मुळांत तुदेई मिसळणारा, दोघांचा दोष एकच. पपईचे बी पाण्यावर तरंगून निदान स्वतःची ओळख देते. पुडीत दळलेले मूळ तेवढेही करत नाही.

अँटॉप हिलच्या गोदामांपासून माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था फार दूर नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली. परीक्षणाची विद्या आता हाताशी आहे. प्रत्येक गोणीवर वाण, भाग आणि मूळ गाव लिहिण्याला तर प्रयोगशाळाही लागत नाही. पॅसिफिकच्या बेटांनी हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. आपल्या पेढ्यांना तो केवळ एका चिठ्ठीच्या खर्चात घेता येईल.