संशोधकाची पट्टी

आमचे घर मूळचे बार्शीचे. वडिलांचे भुसार मालाचे आडत दुकान होते. आज ते माझा धाकटा भाऊ आणि त्याचा मुलगा सांभाळतात. मी मात्र एम.कॉम. करून बँकेत गेलो आणि ३६ वर्षांच्या नोकरीनंतर शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. दुकानात लहानपणी पाहिलेली एक रीत पुढे बँकेतही मला उपयोगी पडली. शेतकऱ्याचा माल उतरला, लिलाव झाला, वजन झाले, की त्याची पट्टी त्याच दिवशी करायची. हमाली-तोलाई वजा जाता उरलेली रक्कम त्याच्या हातात पडल्याशिवाय वही मिटायची नाही. खरेदीदाराकडून आपले पैसे पंधरा दिवसांनी येवोत की महिन्याने, तो दुकानदाराचा प्रश्न, शेतकऱ्याचा नव्हे. "उद्या या" हे शब्द गादीवर बसून उच्चारायचे नाहीत, असा वडिलांचा दंडक होता.

याच घरातली मुलगी, माझी पुतणी, सात महिने एका पैशाशिवाय काम करीत होती आणि हे आम्हांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

ती लहानपणापासून अभ्यासू. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, 'नेट' परीक्षेत फेलोशिप मिळवली आणि २०१९ मध्ये पुण्यातील एका संस्थेत पीएच.डी.साठी रुजू झाली. तेव्हा कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३१,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळे. दोन वर्षांनी वरिष्ठ फेलो झाल्यावर ३५,०००. जानेवारी २०२३ पासून हे आकडे ३७,००० आणि ४२,००० झाले. आकडा वाईट नाही, असेच मला वाटले होते; आमच्या बाजारपेठेत हिशेब लिहिणाऱ्या माणसाला एवढे मिळत नाही. भावालाही तेच वाटे. लग्नकार्यात कोणी विचारले, "मुलगी काय करते?" तर तो म्हणे, "पुण्याला पीएच.डी. करते." पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे अजून शिकतेच का?" यावर भाऊ हसून विषय बदले. अठ्ठावीस वर्षांची मुलगी सकाळी नऊला प्रयोगशाळेत जाते, रात्री नऊला परत येते, रविवारीही उपकरणावर तिची पाळी असते, ही गोष्ट 'शिकते' या शब्दात बसत नाही. पण 'नोकरी करते' असेही म्हणता येत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीत ती आली तेव्हा उतरलेली दिसत होती. पाडव्याच्या दिवशी दुकानात वहीपूजन झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काका, पगाराची स्लिप नसताना बँक पन्नास हजार देईल का?"

मी दचकलो, आणि त्याला एक जुने कारण होते. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी पुण्यात एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. एक संशोधक तरुण मोटारसायकलच्या कर्जासाठी आला होता. नीटनेटका, मितभाषी मुलगा. फेलोशिपचे पत्र त्याच्याकडे होते; पगारपत्रक, फॉर्म १६ आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. नियमाप्रमाणे मी अर्ज परत केला. "तुम्ही विद्यार्थी आहात, वडिलांना अर्जदार करा," असे सांगितले. त्याचे वडील नव्हते. तो काही न बोलता कागद आवरून निघून गेला. मी नियम मोडला नाही, हे आजही खरे आहे. पण त्याचा अर्ज वरिष्ठांकडे शिफारशीसह पाठवणे माझ्या हाती होते आणि ते मी केले नाही. तोच प्रश्न आता माझ्या घरातली मुलगी मला विचारीत होती.

मग हळूहळू सारे बाहेर आले. फेलोशिप पाच वर्षांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे पीएच.डी.ला मुदत सहा वर्षांची, आणि मुलींना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. ही सवलत काळाची आहे, पैशाची नाही. तिची पाच वर्षे संपली तेव्हा प्रबंध लिहायचा होता, दोन प्रयोग पुन्हा करायचे होते. मधली दीड वर्षे टाळेबंदीत प्रयोगशाळा अर्धवट चालू राहिली, त्याचा हिशेब कोणी धरला नाही. त्यातच पाचव्या वर्षाचे शेवटचे चार महिने अडकून पडलेले.

ते का अडकले, हे मी बँकवाल्याच्या नजरेने समजून घेतले. संशोधक काम करीत आहे, अशी खातरजमा संस्थेने दरमहा संगणकावर करायची असते. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून पुढे पाठवायची, म्हणजे आमच्या भाषेत मेकर आणि चेकर. पद्धत उत्तम आहे. पण या दोघांच्या आधी मार्गदर्शकाची सही लागते, आणि मार्गदर्शक तेव्हा परदेशी होते. महिन्याची तारीख एकदा चुकली की तो महिना थकबाकीच्या रांगेत जातो. पुढच्या महिन्यांत सही मिळाली, तर खात्याचा आय.एफ.एस.सी. क्रमांक बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला असल्याने रक्कम परत गेली. हे शेवटचे मी एका सकाळी दुरुस्त करून दिले. चार महिने ती ज्याच्यासाठी खेटे घालीत होती, ते काम वीस मिनिटांचे निघाले. अडकलेल्या चार महिन्यांचे पैसे पुढे मार्चमध्ये आले. त्यानंतरच्या तीन महिन्यांचे येण्याचा प्रश्नच नव्हता.

भावाला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. त्याला मुलीचा राग आला होता, घरी न सांगितल्याचा. मग त्याने व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला. "पैसे थकवले कोणी? नाव सांग." मला नाव सांगता येईना. आयोग म्हणतो, संस्थेने खातरजमा पाठवली नाही. संस्था म्हणते, मार्गदर्शकांची सही आली नाही. मार्गदर्शक म्हणतात, पैसा मी देत नाही, आयोग देतो. बँक म्हणते, रक्कम आली होती, परत गेली. प्रत्येकाचे म्हणणे खरे. आमच्या दुकानात हमालालाही ठाऊक असते की आपले पैसे कोणाकडून घ्यायचे. या मुलीला पाच वर्षांत ते कळले नाही. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा बहुतांशी विद्यापीठाचा रीतसर कर्मचारी असतो. करारपत्र, पगारपत्रक, रजा, पेन्शनची वर्गणी, सारे त्यात येते. म्हणजे पट्टी कोणी करायची हे तेथे लिहिलेले असते.

पैशाचे मी आधी लिहिले, कारण ते मला कळते. पण तिच्याशी बोलताना लक्षात आले की पैसा हा दुखण्याचा लहान भाग आहे. ती मार्गदर्शकांविषयी वाईट बोलत नव्हती. ते विद्वान आहेत, कष्टाळू आहेत. त्यांचे स्वतःचे प्रकल्पाचे अनुदान अडकलेले, रसायने मागवायची तर निविदा आणि सरकारी पोर्टलच्या फेऱ्या. (जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली आणि त्या पोर्टलबाहेर खरेदी करण्याची मुभा संचालकांना दिली. एका आदेशाने किती अडचण हलकी होते, याचे हे उदाहरण.) पण त्या मुलीच्या आयुष्यातील प्रत्येक किल्ली त्यांच्याच जुडग्यात. महिन्याची सही त्यांची. कोणत्या शोधनिबंधावर कोणाचे नाव पहिले, हे ते ठरवणार. प्रबंध सादर करायला योग्य झाला की नाही, हेही तेच. पुढे कोठेही अर्ज केला तर शिफारसपत्र त्यांचेच लागणार. वर्षाला ३० दिवस रजा नियमात आहे. ती मागताना त्यांच्या कपाळाकडे पाहावे लागते.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. माझ्या जोडीच्या रोखपालावर माझा सख्ख्या भावाइतका विश्वास होता, तरी माझी किल्ली मी त्याला एक दिवसही दिली नाही आणि त्यानेही कधी मागितली नाही. यात अविश्वास नव्हता. चांगल्या माणसाच्या चांगुलपणावर तिजोरी सोडायची नसते, इतकेच. जोखमीच्या खुर्चीवरील माणसाला वर्षातून काही दिवस सक्तीने रजेवर पाठवतात, तेही त्याचसाठी.

संशोधनात अशी दुसरी किल्ली नाहीच, असे नाही. नियमात प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती आहे. दर सत्रात त्याने तिच्यापुढे कामाचा आढावा मांडायचा असतो. मी मुद्दाम तो नियम काढून वाचला. त्या समितीचा निमंत्रक कोण, तर तोच मार्गदर्शक. ज्याच्या शाखेची तपासणी, त्यानेच तपासनिसांना बोलावायचे आणि त्यांच्यासमोर आपणच बसायचे. अशा बैठकीत कोणती मुलगी म्हणेल की माझे दोन महिने दुसऱ्याच्या प्रकल्पात गेले? निमंत्रक दुसऱ्या विभागातील प्राध्यापक असावा आणि बैठकीची शेवटची पंधरा मिनिटे विद्यार्थ्याशी मार्गदर्शकाविना बोलावे, एवढ्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर माझ्या पेन्शनवरील महागाई भत्ता दर फेब्रुवारी आणि ऑगस्टला आपोआप बदलतो. मला अर्जही करावा लागत नाही. संशोधकांची रक्कम मात्र २०१४, मग २०१९, मग २०२३ अशी, चार-पाच वर्षांनी, निवेदने आणि मोर्चे काढल्यावर वाढली. निवृत्त माणसाला जे न मागता मिळते, ते कामाच्या ऐन उमेदीतल्या तरुणांना रस्त्यावर उतरून मागावे लागते, हे मला तिच्यासमोर कबूल करताना संकोच वाटला.

आपल्या व्यापारी घरांचा आणि विज्ञानाचा संबंध नाही, असे कोणी म्हणू नये. विक्रम साराभाई अहमदाबादच्या गिरणीमालकाच्या घरातले. २८ वर्षांचे असताना, १९४७ मध्ये, त्यांनी तेथील एका विज्ञान महाविद्यालयाच्या थोड्या खोल्यांत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली, ती घरच्या न्यासाच्या आणि गावातल्या शिक्षणसंस्थेच्या पैशावर. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेले यू. आर. राव हे साराभाईंचेच पीएच.डी.चे विद्यार्थी. ज्या आयोगाच्या पैशाची ही कथा आहे, त्याचे अध्यक्षपद १९६१ ते १९७३ या काळात उदयपूरच्या दौलतसिंह कोठारींकडे होते. आपण इमारतींना देणग्या देतो, वसतिगृहे बांधतो, सी.ए. आणि अभियांत्रिकीच्या मुलांना कर्जरूपी शिष्यवृत्ती देतो. हे सारे चांगलेच आहे.

गावातील आमच्या एका छोट्या शैक्षणिक न्यासाचा मी कोषाध्यक्ष आहे. दिवाळीनंतर मी आमचाच अर्जाचा नमुना काढून पाहिला. 'नियमित अभ्यासक्रम', 'गेल्या परीक्षेचे गुणपत्रक', 'वय २५ पेक्षा अधिक नसावे'. हा नमुना सात वर्षांपूर्वी मीच तयार केला होता. माझी पुतणी त्यातल्या एकाही रकान्यात बसत नव्हती. तिला मी माझ्या खिशातून दिले, तो प्रश्न नव्हता. ज्यांचे काका बँकेत नाहीत, त्यांचे काय?

जानेवारीच्या बैठकीत मी ठराव मांडला. ज्या संशोधकाची फेलोशिप थकली आहे किंवा सहाव्या वर्षात संपली आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत दरमहा २०,००० रुपये बिनव्याजी द्यावेत. थकबाकी आली की किंवा पुढील नेमणूक झाली की परत घ्यावेत. एका विश्वस्तांनी विचारले, "परत येतील कशावरून?" मी म्हणालो, थकलेली फेलोशिप हे सरकारी येणे आहे, आपण बाजारात ज्यांना उधार देतो, त्यांच्यापेक्षा हे येणे पक्के आहे. सहाव्या वर्षाचे येणे तितके पक्के नाही, हेही मी सांगितले. बराच ऊहापोह झाला. अखेर प्रयोगादाखल तीन लाख रुपये बाजूला ठेवण्याचे ठरले. वयाची अट काढली. भावाने बैठकीनंतर एक लाखाचा धनादेश दिला आणि पावतीवर आपले नाव नको म्हणून सांगितले.

नवा नमुना मी पुतणीकडे वाचायला पाठवला. तिचे उत्तर दोन ओळींचे होते. "काका, खाली 'मार्गदर्शकांची सही' लिहिलंय तुम्ही. ती मिळत असती तर अर्ज कशाला केला असता?"

मी ती ओळ खोडून 'विभागप्रमुख, निबंधक किंवा संस्थेतील अन्य कोणताही प्राध्यापक' असे लिहिले. तिने फेब्रुवारीत प्रबंध सादर केला. तोंडी परीक्षेची तारीख अजून आलेली नाही. नव्या नमुन्यावर आतापर्यंत दोन अर्ज आले आहेत. एक मंजूर झाला. दुसऱ्या अर्जाबाबत त्या संस्थेच्या निबंधकांना मी पत्र पाठवले आहे, उत्तराची वाट पाहत आहे.