आज उजनी किती?

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुमची मुलं आजोबांशी किती वेळ बोलतात? आमच्याकडे जेमतेम मिनिटभर. "जेवलास का? अभ्यास झाला का? दे आईकडे." संपलं.

आम्ही थुवालला राहतो, जेद्दाच्या उत्तरेला, तांबड्या समुद्राच्या काठी. या देशात बारमाही नदी एकही नाही. नळाला येतं ते समुद्राचंच पाणी, मीठ काढून. माझे वडील इंदापूर तालुक्यात, उजनीच्या काठावर. रिटायर झाले तरी गळ सुटला नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये माझ्या नऊ वर्षांच्या लेकाने विचारलं, "आजोबा, धरण उणे कसं असतं? पाणी शून्याच्या खाली कसं जाईल?"

बाबा खुललेच. उजनीत साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा. टक्के मोजायचे ते त्याच्या वरच्या पाण्याचे. मृतसाठ्यालाच हात लागला की आकडा उणे. मग पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, काठ लांब जातो, गाळात पाय रुततो, आणि चिलापीसाठी होडीनं आत जावं लागतं.

"एकटेच जाता?" लेकाने विचारलं.

"हो की."

मंडळी, मला हे माहीतच नव्हतं. मी दर आठवड्याला "तब्येत कशी आहे?" विचारत होते आणि "बरी आहे" ऐकत होते.

२१ मेला वळवाच्या वादळात कळाशी-कुगावच्या मध्ये प्रवाशांची बोट उलटली. सहा जण गेले. त्या रात्री लेकानेच फोन मागितला. "आजोबा, आभाळ आलं की होडीत बसायचं नाही. आणि एकट्याने तर नाहीच." मी म्हटलं असतं तर बाबांनी हसण्यावारी नेलं असतं. त्याला म्हणाले, "बरं बाबा, काठावरूनच टाकतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोनच प्रश्न: आज उजनी किती? वारा कसाय? जूनमध्ये आकडा उणे साठच्या घरात गेला, ऑगस्टमध्ये धरण भरलं. ती बातमी मला लेकाने दिली, उड्या मारत!

तेव्हा एक करून बघा. मुलांना "आजोबांशी बोल" म्हणू नका. विचारायला एक आकडा द्या. जायकवाडी, कोयना, खडकवासला, तुमचं जे असेल ते. तब्येतीचं उत्तर आपली माणसं टाळतात, पाण्याचं नाही टाळत. आणि बोलता बोलता बाकीचंही सांगून टाकतात.

तुमच्या गावचं धरण कोणतं? आज किती आहे?