आमच्या घरातला रोग

आमच्या घरात एक रोग शिरला आहे आणि तो दिवसेंदिवस वाढतो आहे, ही वार्ता गेल्या वर्षी श्रावणात माझ्या पत्नीच्या कानी पडली. ती कशी पडली ते आधी सांगतो. रात्री साडेनऊचा सुमार होता. मी आणि आमचे चिरंजीव आतल्या खोलीत बसलो होतो. पत्नी दुधाला विरजण लावून दारावरून चालली होती. तेवढ्यात आतून चिरंजीवांचा आवाज आला, "अण्णा, तुमचा रोग आता आठवर गेला." मी विचारले, "दहावर कधी जाईल?" ते म्हणाले, "असंच जागलात तर चार दिवसांत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहात साखर नव्हती. तिसऱ्या दिवशी ताटात कारल्याची भाजी आली. चौथ्या दिवशी तिने बीडच्या दवाखान्यात चलण्याचा आग्रह धरला, तेव्हा कुठे सारा उलगडा झाला.

वाचकहो, हा रोग शरीराचा नव्हे. हा इंग्रजी शब्द आहे, आणि त्याचा अर्थ भामटा, लबाड. संगणकावर खेळायचा एक खेळ आहे, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाचा. ब्लिझार्ड नावाच्या अमेरिकन कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला. हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक जगात हिंडतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी तिरंदाज, कोणी पुरोहित. आणि ज्याला अंगाखांद्यावर चामड्याचे कपडे घालून, दोन हातांत दोन खंजीर घेऊन, कोणाच्या नजरेस न पडता शत्रूच्या पाठीशी जायचे असेल, तो होतो रोग. प्रत्येकाने पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची आणि चढत जायचे. आमच्या चिरंजीवांकडे या खेळाची जी जुन्या वळणाची आवृत्ती आहे, तिच्या मूळ रूपात साठ पायऱ्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, मॅट्रिक झालेल्या, चाळिशी उलटलेल्या, दोन-तीन कादंबऱ्या लिहिलेल्या मास्तराने या पोरखेळात पडावे कशाला? त्याचे उत्तर द्यायचे तर मला जरा मागे जावे लागेल.

आमची पाली बीडपासून जवळ, सोलापूर-धुळे रस्त्यावर. एका अंगाला बिंदुसरेचे धरण, दुसऱ्या अंगाला बालाघाटाचे डोंगर. अशा गावातल्या मास्तराच्या मुलाने काय व्हावे, हे तो जन्मायच्या आधीच ठरलेले असते. आमच्याही मुलाने डॉक्टर व्हायचे ठरले होते. दहावीला त्याला गुण चांगले पडले. मी शिक्षकांच्या पतपेढीचे कर्ज काढून त्याला लातूरला ठेवले. पहिल्या वर्षी ‘नीट’ परीक्षेत गुण कमी पडले. पुन्हा एक वर्ष ठेवले. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याने दुसऱ्यांदा परीक्षा दिली आणि तो घरी आला. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा "याही वेळी कमी पडले" एवढेच म्हणाला, आणि खोलीचे दार लोटून घेतले.

ते दार मग लोटलेलेच राहिले. दिवसा तो झोपे, रात्री त्याच्या खोलीतून संगणकाचा निळसर उजेड येई. ताट दाराशी ठेवले तर अर्धे जेवलेले परत येई. मी बाहेरून मोठ्याने बोलत असे. "अमक्याचा मुलगा बी. एस्सी. ला लागला", "घरात बसून काय होणार", असली वाक्ये मी दाराला उद्देशून म्हणत असे. दार काही बोलत नसे. पत्नी रात्रीतून दोनदा उठे आणि त्या दारापाशी जाऊन कान देई. पाणी प्यायला उठले म्हणे. मी जागाच असे, पण कशाला उठलीस असे मी कधी विचारले नाही. या वयाच्या, नापास झालेल्या मुलांच्या आईबापांना जी भीती वाटते, तिचे नाव घरात कोणी उच्चारत नाही.

श्रावणातल्या एका रात्री दोन खरे बोल सुनवावेत म्हणून मी दार ढकलले. चिरंजीवांचे माझ्याकडे लक्ष नव्हते. पडद्यावर एक अर्धवट पारदर्शक माणूस वाकून, मांजराच्या पावलांनी एका राक्षसाच्या मागे चालला होता. मी सुनवायचे विसरलो. कादंबरीकाराला ही एक खोड असते. कोणी कोणाच्या मागावर असला की पुढे काय होते ते पाहिल्याशिवाय त्याचा पाय निघत नाही.

"हा चोर काय करायलाय?" मी विचारले.

"चोर नाही अण्णा, रोग आहे," तो म्हणाला. "हा समोरून लढला तर मरतो. याला मागूनच जावं लागतं, आणि जाताना घाई केली तर सापडतो."

दोन महिन्यांत माझा मुलगा माझ्याशी इतके लांब कधी बोलला नव्हता. मी तिथेच पलंगाच्या कडेवर टेकलो आणि म्हणालो, "मला शिकवतोस का?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मी विमान चालवायला मागतो आहे. मग म्हणाला, "तुम्ही योद्धा घ्या. तुमच्या स्वभावाला तोच बरा." या बोलण्यात टोमणा होता, तो मी गिळला. "नाही, मला रोगच दे," मी म्हणालो. एका वर्गणीत अनेक पात्रे ठेवता येतात. त्याने मला एक पात्र काढून दिले. खेळाची वर्गणी तो एका मित्राची टंकलेखनाची कामे करून भरतो, हेही मला त्याच रात्री कळले.

पहिले चार दिवस मी फक्त मेलो. या जगात मेलेल्या माणसाचे भूत होते, आणि त्या भुताने स्मशानातून धावत आपल्याच प्रेतापाशी यायचे असते. मी इतका धावलो की त्या स्मशानाचा रस्ता मला आमच्या शाळेच्या रस्त्याइतका पाठ झाला. लांडग्यांनी मला मारले. डोक्यावर मेणबत्ती लावून खाणीत हिंडणारे उंदरासारखे प्राणी आहेत, त्यांनी मारले. मला पाहून चिरंजीव हसले. हसू आवरण्यासाठी त्यांनी तोंडावर उशी धरली होती, पण खांदे हलत होते. त्या हलणाऱ्या खांद्यांसाठी मी आणखी चाळीस वेळा मरायला तयार होतो.

हळूहळू त्या भामट्याचे शास्त्र मला कळू लागले. लपून चालताना, निदान सुरुवातीच्या पायऱ्यांवर, त्याची चाल निम्मी होते. शत्रूच्या तोंडासमोरून गेले तर तो लवकर ओळखतो, पाठीमागून गेले तर उशिरा. एकदा झटापट सुरू झाली की पुन्हा लपता येत नाही. त्याच्या अंगी शंभर मापे जोर असतो. साध्या एका घावाला पंचेचाळीस मापे लागतात. म्हणजे दोन घाव घातले की हात रिकामे. मग जोर पुन्हा भरेपर्यंत मार खात उभे राहायचे. मी घाईने कळ दाबत राही, आणि काहीच घडत नसे. "अण्णा, थांबा," चिरंजीव म्हणत, "भरू द्या जरा." वर्गात पोरांना ‘थांब, विचार कर’ असे मी वीस वर्षे सांगत आलो, मला ते कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक नियम मला फार आवडला. प्रत्येक घावागणिक एक गुण जमतो, पाचपर्यंत जमवता येतात, आणि ते सगळे मिळून शेवटचा मोठा घाव घालायचा. पण हे गुण ज्या शत्रूवर जमवले त्याच्यावरच चालतात. मध्येच दुसऱ्याकडे वळलात आणि त्याच्यावर घाव घातलात, की पहिल्यावरचे सारे गेले. पायऱ्यांचेही तसेच आहे. पहिलीवरून दुसरीवर जायला चारशे गुण लागतात, दुसरीवरून तिसरीवर नऊशे, तिसरीवरून चौथीवर चौदाशे. पुढे हा आकडा लाखांत जातो. शेजारच्या मुलाचे गुण मी आमच्या दारावर इतके दिवस खर्च करत होतो, ते का चालत नव्हते, हे मला त्या खाणीत मेणबत्तीवाल्यांचा मार खाताना उमगले.

शाळेत सोबतच्या मास्तरांना हे सांगितले तर ते म्हणाले, "लपून मारणं ही काय मर्दुमकी?" मी म्हणालो, १६६३ साली एप्रिलातल्या रात्री महाराज निवडक माणसांनिशी लाल महालात शिरले, ते काय ताशे वाजवीत? आणि बहिर्जी नाईकांनी आपले नाव मिरवीत हिंडायचे ठरवले असते, तर पुढच्या मोहिमांचे काय झाले असते? मास्तर गप्प बसले. मी मात्र मनाशी खजील झालो, कारण माझ्या तिन्ही कादंबऱ्यांतले नायक छाती काढून समोरून येतात आणि पान-पानभर बोलतात. एकही नायक मी कधी गुपचूप कोणाच्या जवळ नेऊन बसवला नाही.

‘जवळ’ हाच या खेळातला खरा शब्द आहे. मांत्रिक दुरून आग फेकतो. तिरंदाज दुरून बाण सोडतो. रोगाला हातभर अंतरावर जावेच लागते. खंजिराची लांबी तेवढीच. मला वाटे, लपणारा माणूस भित्रा असतो, तो दूर पळण्यासाठी लपतो. इथे तर लपायचे ते जवळ जाता यावे म्हणून. धरणाच्या काठी बगळा तासन् तास एका पायावर उभा असतो, त्याला आपण ध्यानस्थ म्हणून हसतो. पण मासा त्याच्याच चोचीच्या टप्प्यात येतो.

गणपती झाले, पितृपाठ गेला, नवरात्र बसले. माझा रोग सतराव्या पायरीवर होता. दसऱ्याच्या सुमाराला आमच्या रस्त्याचे रूप बदलते. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रक आणि ट्रॅक्टर रात्रभर घाटाकडे जातात. वर भांडी, चुलीची लाकडे, शेळ्या, पोरे. माझ्या वर्गातली काही पोरेही त्यांत असतात. त्या रात्रीही खिडकीतून ट्रॅक्टरांचा आवाज येत होता. पडद्यावर आम्ही ‘डेफियास’ नावाच्या टोळीच्या खाणीत शिरलो होतो. ही टोळी मुळात गवंड्यांची. त्यांनी एक उद्ध्वस्त शहर पुन्हा बांधून दिले, सरदारांनी त्यांची मजुरी बुडवली, म्हणून ते बंडखोर झाले, असे चिरंजीवांनी मला सांगितले. मी त्यांचे खिसे कापणे त्या दिवसापासून सोडले होते.

एक पहारेकरी येरझारा घालत होता. मी भिंतीच्या सावलीत लपून त्याची पाठ फिरण्याची वाट पाहत होतो. चिरंजीव शेजारी. दोघांचेही डोळे पडद्यावर. तेवढ्यात तो हलक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, मी परीक्षेला बसलोच नव्हतो."

माझे बोट कळीवर होते.

"दुसऱ्या वेळी. गेटपर्यंत गेलो आणि माघारी फिरलो."

पहारेकऱ्याची पाठ माझ्याकडे झाली. मी हललो नाही. दोन वर्षांचे कर्ज, गावात सांगितलेली खोटी कारणे, आईची रात्रीची जाग, सगळे एकदम तोंडाशी आले. पूर्वीचा मी असतो, तर ते सगळे तिथल्या तिथे फेकले असते. लातूरला तो होता तेव्हा मी रोज रात्री फोन करून "आज किती मार्क पडले?" एवढेच विचारत असे. घरबसल्या सोडलेले ते बाण कुठे लागत होते, हे मी कधी पाहायला गेलो नव्हतो. आज प्रथमच आम्ही हातभर अंतरावर होतो.

"मग दिवसभर कुठं होतास?" मी विचारले.

"बसस्टँडवर."

"जेवला होतास का?"

"नाही."

पुढे दोघेही काही बोललो नाही. त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसले. तेवढ्यात पहारेकरी वळला, सरळ माझ्या अंगावर आला, आणि त्याने मला उभा चिरला. माझे भूत स्मशानात उभे राहिले. "पळा अण्णा, लांब आहे," चिरंजीव म्हणाले, आणि रडता रडता हसले. मी पळालो. आपल्या प्रेतापाशी पोहोचेपर्यंत मलाही नीट दिसत नव्हते.

ही गोष्ट पत्नीला मी दुसऱ्या दिवशी सांगितली. तिने ऐकून घेतले, आणि एवढेच म्हणाली, "मला वाटलंच होतं. त्या दिवशी डबा जसाच्या तसा परत आणला होता." बाया या विद्येत आपल्याहून किती पायऱ्या वर असतात, कोण जाणे! त्या रात्री ती पाणी प्यायला उठली नाही.

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, माझा रोग बाविसाव्या पायरीवर पोहोचला. या पायरीवर त्याला ऐन झटापटीतून एकाएकी नाहीसे होण्याची विद्या मिळते. तिला एक पूड लागते. ती विकत घेऊन मी पिशवीत ठेवली आहे. चिरंजीवांनी यंदा बीडच्या कॉलेजात नाव घातले, विषय त्यांचा त्यांनी निवडला. पतपेढीचे हप्ते अजून चालू आहेत.

त्या रात्री अंगणात पणत्या लागल्या होत्या. पत्नीने माजघरातून हाक मारली, "अहो, तो रोग ठेवा बाजूला, आणि फराळाला या दोघंही!" मी पडद्यावरून मान वर केली तर शेजारची खुर्ची रिकामी होती. माझ्या आधीच तो उठून पाटावर जाऊन बसला होता, आणि आईला विचारत होता, "चिवड्यात शेंगदाणे का कमी घातले गं?"