आवाज न करणारं भांडं

आपल्या घरात भांडं म्हणजे आवाज. पातेल्यावर झाकण आपटतं, ताटाळ्यातली ताटं एकमेकांना धडकतात, वाटी हातातून निसटली की घरंगळत कपाटाखाली जाऊन स्थिरावेपर्यंत तिची बातमी शेजारी पोचलेली असते. अशा घरात लोकरीचं भांडं ठेवलं, तर पहिले काही दिवस कुणी त्याला भांडं म्हणायला तयार होत नाही. पाहुणे ते उचलून उलटंसुलटं बघतात. एखादा डोक्यावरही चढवून पाहतो. टोपी नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग ह्यात ठेवायचं काय?

सातपुड्यातल्या धडगावात राहणाऱ्या माणसाला तरी हा प्रश्न पडू नये. तळोद्याहून चांदसैली घाट चढून अक्राणीच्या डोंगरात आलं की भांडं कडकच असलं पाहिजे हा समज आपोआप सैल होतो. इथल्या पाड्यांवरच्या घरांत ॲल्युमिनियम आलं, स्टील आलं, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. पण त्यांच्या शेजारी जुनी भांडीही नांदतात आणि त्यांतलं कुठलंच फार कठीण नसतं. बांबूची टोपली घ्या. पहाटे मोहाची फुलं वेचायला तीच, कैऱ्या उतरवायला तीच, आमचूरच्या सुकलेल्या फोडी बाजारात आणायला तीच. महाशिवरात्रीच्या सुमारास देवमोगरेला याहा मोगी देवीच्या दर्शनाला निघालेल्या माणसांच्या डोक्यावरही टोपलीच असते. धान्य ठेवायची मोठी कणगी बांबूचीच. ती विणून झाली की आतून-बाहेरून शेणामातीने लिंपतात. विणीतल्या फटी बुजल्या की दाणा आत राहतो आणि उंदीर बाहेर.

दुसरं भांडं वेलीला लागतं. भोपळा पिकू द्यायचा, वाळू द्यायचा, तोंडाशी कापून आतला गर आणि बिया काढायच्या. झालं भांडं. त्यात पाणी राहतं, बियाणं राहतं. उभा चिरला तर त्याचे डाव होतात. होळीत बावा-बुध्या होऊन नाचणारे हेच वाळके भोपळे घुंगरांबरोबर कमरेला बांधतात. भोपळ्याला जोड नाही, शिवण नाही, त्यामुळे बुजवायला फटही नाही.

या दोन भांड्यांकडे बघता बघता माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. भांड्याला कठीणपणा लागत नाही. त्याला दोनच गोष्टी लागतात : गोल फिरणं आणि फटी बुजणं. लोकरीचं भांडं या दोन्ही गोष्टी करतं, आणि दुसरी तर बाहेरून काही न लिंपता करतं.

गोल फिरण्याचं काम क्रोशाच्या सुईचं. आपल्याकडे क्रोशा आला तो रुमाल, तोरणं आणि रुखवतासाठी. पुढे रेडिओ आला तेव्हा रेडिओवर आणि टीव्ही आला तेव्हा टीव्हीवर त्याचं जाळीदार आच्छादन चढलं. क्रोशा म्हणजे झाकायची वस्तू, असंच आपण धरून चाललो. पण तोच टाका झाकण्याऐवजी धरून ठेवायलाही शिकतो. चार साखळ्यांचं कडं करायचं, त्यात सहा मुके खांब घालायचे. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे 12. मग 18, मग 24, मग 30. दर फेरीला सहा वाढले की चकती सपाट राहते. सहाच का, याचं उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद असतो. त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ दोन पाय (2π), म्हणजे सव्वासहा टाक्यांनी वाढायला हवा. विणणाऱ्या बायकांनी तो पाव टाका सोडून दिला आणि कागद-पेन्सिल न घेता हिशेब जुळवला. सहाहून जास्त घातले तर कडेला झालर पडते, कमी घातले तर चकती खोलगट होऊ लागते.

भांड्याची भिंत नेमकी या कमी घालण्यातून उभी राहते. तळ हवा तेवढा झाला की वाढवणं थांबवायचं आणि टाक्यावर टाका घालत फिरत राहायचं. कुठेही वळवलेलं नसताना काम आपोआप वर उठतं. बांबू विणणाराही तळ झाला की हेच करतो : कामट्या वर घेतो आणि त्यांच्याभोवती फिरू लागतो. वाढ थांबवल्याशिवाय पोट तयार होत नाही, हे टोपलीलाही लागू आहे आणि लोकरीलाही.

एवढं करून हातात जे येतं ते मात्र बघवत नाही. हवं त्यापेक्षा मोठं, ढिलं, बसवलं तर बसणारं, उभं केलं तर कोसळणारं. ते तसंच असावं लागतं, कारण पुढे ते आटायचं असतं. म्हणून सुई जाड घ्यायची, टाके सैल घालायचे, फटी राहू द्यायच्या.

आता जे करायचं, त्याविरुद्ध प्रत्येक मराठी मुलाला लहानपणी दटावलेलं असतं. लोकरीचं गरम पाण्यात घालायचं नाही, घासायचं नाही, पिळायचं नाही. रिठ्याच्या गार पाण्यात हलकेच बुचकळायचं आणि सावलीत आडवं वाळवायचं. लोकरीचं भांडं करणारा हे नियम एकेक करून मोडतो. कढत पाणी घेतो, कपड्यांचा साबण घेतो, आणि खडबडीत दगडावर तळव्याने चोळत राहतो. शहरात हे काम वॉशिंग मशीन करतं. इथे चुलीवरचं पाणी, धुण्याचा दगड आणि दोन हात पुरतात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे रोखलेले. गरम पाण्याने आणि साबणाने ते उचलले जातात. चोळताना तंतू खवल्यांमुळे एकाच दिशेने सरकतात, एकमेकांत शिरतात आणि अडकून बसतात. मागे यायची वाट उरत नाही. पहिला बराच वेळ काही होत नाही, फेस तेवढा होतो आणि ओल्या मेंढराचा वास घरभर पसरतो. मग अचानक हाताला कळतं की टाके बोटाखाली लागेनासे झाले. भांडं पाव हिश्श्याने, कधी तिसऱ्या हिश्श्याने आटतं. जाळी होती तिथे जाड, सलग कापड होतं. ते उपड्या तांब्यावर किंवा डब्यावर चढवायचं, हाताने आकार द्यायचा आणि वाळू द्यायचं. वाळलं की तांब्या काढून घेतला तरी भिंत उभी राहते.

विणकामाची खरी चैन अशी की ते उसवता येतं. चुकलं तर धागा ओढा, सगळं पुन्हा गुंडाळीवर येतं. गरम पाण्यापर्यंतच ही मुभा असते. आटलेल्या लोकरीला कात्री लावली तरी धागा सुटत नाही, कारण आता धागा असा वेगळा काही राहिलेलाच नाही. स्वेटरच्या बाबतीत आपण याला नुकसान म्हणतो. भांड्याच्या बाबतीत याच घटनेला काम पुरं झालं असं म्हणतात.

ही करामत नवी नाही. सैबेरियातल्या अल्ताई डोंगरात पाझिरिक इथे सेर्गेई रुदेंको यांनी 1947 ते 1949 या काळात बर्फात गोठलेली थडगी उकरली. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या घोडेस्वार लोकांच्या वस्तूंत दाबलेल्या लोकरीची भिंतीवरची वस्त्रं होती, त्याच लोकरीचे हंस होते, आणि गोल बुडाचे घडे कलंडू नयेत म्हणून त्यांच्याखाली ठेवायची लोकरीची कडीही होती. म्हणजे आपली चुंबळच. आपल्याकडेही न विणता नुसती दाबून, कुटून केलेली लोकर अनोळखी नव्हती. जुन्या वाड्यांतून बसायला बुरणूस टाकत, तो हाच प्रकार. काश्मीरचा नमदाही याच घराण्यातला. सतरंजी आणि गालिचा आल्यावर बुरणूस मागे पडला, इतकंच.

आता अडचणीची गोष्ट. धडगावच्या किंवा शहाद्याच्या बाजारात लोकरीचा गुंडा मागितला तर दुकानदार रंगीबेरंगी गुंडे समोर टाकतो. त्याला तोही लोकर म्हणतो, आपणही म्हणतो. ते असतं बहुतेक वेळा ॲक्रिलिक, कारखान्यात रसायनांपासून ओढलेला धागा. त्याला खवले नाहीत. दगडावर दिवसभर चोळा, हाताची सालटं निघतील पण टाका आटणार नाही. मशीनमध्ये धुता येणारी म्हणून विकतात त्या खऱ्या लोकरीचेही खवले आधीच गुळगुळीत केलेले असतात. तीही दाद देत नाही. मग छंद असलेले लोक शहरातून परदेशी मेरिनो मागवतात. त्या धाग्यासाठी मोजलेल्या दामाबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आणि इकडे सातपुड्याच्या पायथ्याला खरी लोकर चार पायांवर चालत जाते. डोंगरात वरच्या अंगाला शेळ्याच जास्त; पण खाली शहादा-तळोद्याच्या सपाटीवर पिकं निघाली की ठेलारी धनगरांचे कळप दिसू लागतात. घोड्यांच्या पाठीवर संसार, त्यावर कोकरं आणि कोंबड्या. शेतकरी त्यांना रानात बोलावून मेंढ्या बसवून घेतात, कारण लेंडीखतासारखं खत नाही. खताला किंमत आहे, मांसाला किंमत आहे. लोकरीला नाही. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरावी लागते आणि पुष्कळ ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या दामापेक्षा जास्त होते. घोंगडी विणणारे सनगर कमी झाले, चातीवर सूत काढणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या, चिंचोक्याची खळ लावून कडक केलेली घोंगडी अंथरणारं घर आता शोधावं लागतं. कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात, कधी जाळून टाकतात. तोरणमाळला आणि पलीकडे डाब-वालंब्याला दरवर्षी हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या छापून येतात. त्याच दिवसांत त्याच जिल्ह्यात लोकर वाया जाते आणि लोक ॲक्रिलिकचे स्वेटर घालून शेकोटीपासून जपून बसतात.

दख्खनी लोकरीचा दोष सगळे एकच सांगतात : खरखरीत. खरं आहे. मेरिनोचा तंतू जेमतेम 20 मायक्रॉनचा, दख्खनीचा त्याच्याहून कितीतरी जाड. अंगाला टोचतो, मानेला तर सहनच होत नाही. ती आटायलाही वेळ घेते, हात दुखवते. पण भांडं कुणाच्या मानेला लागणार आहे? मऊ लोकरीचं भांडं दिसायला देखणं होतं आणि वापरात हळूहळू बसकं होतं. राठ लोकरीचं केसाळ दिसतं, पण त्याची भिंत ताठ राहते. जो गुण स्वेटरला नको, तोच भांड्याला हवा असतो. शिवाय रंगवायची गरज नाही. काळा, करडा, तपकिरी, मधूनच पांढरट. मेंढीच्या पाठीवर होता तोच रंग घरात येतो. चातीवरचं सूत जाडंभरडं असतं, तेव्हा दुकानातली बारीक सुई चालत नाही. बांबूची कांडी तासून, टोकाला आकडा काढून घासली की सुई तयार. धडगावात बांबू आणि तो तासणारा हात, दोन्हींचा तोटा नाही.

आता पाहुण्याच्या प्रश्नाकडे. ह्यात ठेवायचं काय? आमटी नाही, दही नाही, ओलं काहीच नाही. चष्मा ठेवा, काचेला ओरखडा येत नाही. किल्ल्या ठेवा, रात्री उशिरा आलेला माणूस किल्ली टाकतो तेव्हा घर जागं होत नाही. बांगड्या, नाणी, औषधांच्या पट्ट्या, सुटी बटणं, लसणाच्या कुड्या, चिंचोके, पुढच्या पावसासाठी राखलेलं मूठभर बियाणं. पडलं तर फुटत नाही, मुलाने फेकलं तर कुणाला लागत नाही. शत्रू एकच, कसर. तिच्यासाठी तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि अधूनमधून ऊन दाखवावं.

याने मेंढपाळांचा प्रश्न सुटेल असं म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. शंभर घरांत शंभर भांडी झाली तरी एका कळपाची कातरणीही संपणार नाही. तो प्रश्न खरेदीच्या हमीचा, सूतगिरणीचा, महामंडळांच्या आणि सरकारच्या इच्छेचा आहे. पण वस्तूला किंमत येण्याआधी तिचा उपयोग कुणाच्या तरी घरात दिसावा लागतो. आमचूरही कधीतरी झाडाखाली पडलेली कैरीच होती. कुणीतरी ती सोलली, चिरली, वाळवली, म्हणून आज तिला धडगावात व्यापारी आहे.

तेव्हा एवढंच करा. थंडीच्या दिवसांत रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला तर हॉर्न वाजवू नका. गाडीतून उतरा, राम राम घाला, लोकर आहे का विचारा. असली तर दोन-चार किलो घ्या, आणि मेंढपाळ जी किंमत सांगेल ती घासाघीस न करता द्या.