डेइटी लेव्हलवर

"आरक्षण म्हणजे तुम्हाला ईझी लेव्हल," असं एम.ए.ला असताना आम्हाला ऐकवलं गेलं. त्याचं उत्तर वीरला रात्री 'सिव्हिलायझेशन ६' हा राज्य उभारायचा गेम खेळताना सापडलं. त्यातल्या सर्वांत कठीण लेव्हलचं नाव 'डेइटी', म्हणजे देव! (आम्हा बौद्धांना हसू येणारच.) तिथे कॉम्प्युटर जास्त हुशार होत नाही, त्याला सुरुवातीलाच वस्ती वसवणाऱ्या तीन तुकड्या आणि पाच योद्धे मिळतात, आम्हाला एकेकच. बाहेर याच आघाडीला मेरिट म्हणतात. कितीदा हरलो, चिडून लॅपटॉप मिटला. जिंकलो त्या रात्री मात्र झोप आली नाही.

गेममध्ये डाव पुन्हा मांडता येतो. शेजारच्या महाडात ती सोय नव्हती. बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले १९२७ साली. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.