पानिपत एक वर्ष आधी झाले तेव्हा

आजच्या थ्रेडचा प्रारंभ एका कबुलीने करतो. 2017 साली मी पानिपतची लढाई एक वर्ष आधी, जानेवारी 1760 मध्ये घडवून आणली होती.

जुनी पत्रे वाचताना शुहूर सनाचे इसवी सनात रूपांतर वारंवार करावे लागते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1161. त्यात 599 मिळवले की इसवी सन मिळतो, एवढ्या विश्वासावर मी पायथन या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्या फेब्रुवारीत पुण्यात पायकॉन भरले. भाषेच्या घडणीत प्रत्यक्ष हात असलेले निक कॉगलन त्यासाठी ऑस्ट्रेलियाहून आले होते. व्याख्याने संपल्यावरचे दोन दिवस केवळ एकत्र बसून कोड लिहिण्यासाठी राखलेले होते. ते वातावरण पाहून मीही माझा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये. वाईस सापडलेली पानिपतकालीन पत्रे राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात छापली. स्वतःचा निष्कर्ष तेवढा सांगून दप्तर पुन्हा बासनात बांधणे त्यांना शक्य होते. त्यांनी मूळ पत्रेच लोकांपुढे ठेवली, म्हणून पुढच्यांना त्यांच्याशी वाद घालता आला. सोर्स कोड या शब्दातील ‘सोर्स’ला मराठीत मी ‘साधन’च म्हणेन. (पेशवे दप्तर मात्र दीर्घकाळ सरकारी कुलपात राहिले. सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे 45 खंड निघाले, ते 1930 नंतर.)

पायथनचा जन्म अॅमस्टरडॅमचा. तेथील सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना गिडो व्हान रॉसम यांनी 1989 च्या नाताळच्या सुटीत तिची रचना आरंभली आणि फेब्रुवारी 1991 मध्ये सगळा कोड जगापुढे मांडला. पण साधन नुसते मांडल्याने ते निर्वेध खुले होतेच असे नाही. 2000 साली भाषेच्या परवान्यात अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचा कायदा लागू राहील असे एक कलम होते. तेवढ्याने जीपीएल परवान्याच्या सॉफ्टवेअरशी पायथनचे कायदेशीर जुळेना. एका कलमासाठी दीर्घ वाटाघाटी झाल्या. 2001 मध्ये तोडगा निघाला आणि त्याच वर्षी भाषेचा सांभाळ करण्यासाठी पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले.

मला याहून मोलाची वाटते ती तिथली टिपणे जपण्याची शिस्त. मोठा बदल सुचवणाऱ्याने ‘पेप’ नावाचे टिपण लिहायचे; ते फेटाळले गेले तरी कारणांसह जतन होते. 2018 मध्ये अशाच एका टिपणावरून, 572 क्रमांकाच्या, इतकी कटुता आली की स्वतः गिडो अंतिम निर्णयाच्या अधिकारावरून पायउतार झाले. टिपण मात्र आजही जागेवर आहे, कोणीही वाचावे. आपल्याकडील किती सभांविषयी असे म्हणता येईल?

असो. माझा प्रोग्राम खुला झाल्यावर तीन आठवड्यांनी एका अनोळखी व्यक्तीची दुरुस्ती आली. सोबत दोनच वाक्ये होती: “पानिपत पौषात झाले. आपला प्रोग्राम ते 1760 मध्ये टाकतो.” शुहूर सन मृग नक्षत्राच्या सुमारास पालटतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना 599 नव्हे, 600 मिळवावे लागतात. हे मी पुस्तकात वाचलेलेही होते! पहिला तासभर मी पुणेरी ताठ्याने प्रत्युत्तराचा मसुदा करीत बसलो. मग एका मित्राचा प्रबंध आठवला. त्यातील चाळीसेक पत्रांच्या तारखा मीच काढून दिल्या होत्या आणि प्रबंध आठ दिवसांत सादर व्हायचा होता.

त्याला फोन केला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. दोन रात्री आम्ही सगळ्या मित्या पुन्हा लावल्या. अकरा पत्रे एकेका वर्षाने पुढे सरकली. त्यांतल्या एका पत्रावर त्याचे अख्खे प्रकरण उभे होते. ते त्याने नव्याने लिहिले.

ऋणनिर्देशात त्या व्यक्तीचे नाव घालावे असे त्यानेच सुचवले. आमच्याजवळ केवळ एक टोपणनाव होते. तेच छापले.